दुहेरी पत्र्याचा पेला

आमच्याकडे पाहुणा यायचा असला की बायको आधी माळ्याचं दार बंद आहे का ते पाहते. माळ्यावर चोरीचा माल नाही. तिथे डबे आहेत. मोहरीच्या तेलाचे पंधरा किलोचे चौकोनी डबे, रसगुल्ल्यांचे गोल डबे, आटवलेल्या दुधाचे लहान डबे, रंगाचे, बिस्किटांचे, मुलगी तान्ही होती तेव्हाचे दूध पावडरचे (मुलगी आता एकोणीस वर्षांची आहे), आणि एक डबा असा, ज्यात बाकीच्या डब्यांची झाकणं आहेत. पाहुण्याची नजर चुकून वर गेली की तो सहज म्हणतो, 'बरेच डबे जमवलेत,' आणि मी सुरू होतो. बायकोला भीती डब्यांची नाही, माझी आहे.

मी लखनौमधल्या मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत राहतो आणि तिथल्याच संशोधन संस्थेत धातूंच्या तपासणीचं काम करतो. रूळ, चाकं, सांधे. मी पास केलेल्या सांध्यांवरून गाड्या धावतात आणि माणसं वरच्या बर्थवर निर्धास्त घोरतात. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचल्यावर मला कुणी सायकलचं पंक्चरसुद्धा काढू देणार नाही.

माझं भाषण साधारण असं असतं. टिनचा डबा टिनचा नसतो. तो असतो लोखंडी पत्र्याचा, त्यावर कथिलाचा पातळ थर. थर शाबूत तोवर डबा शाबूत. एक ओरखडा पडला की गंज शिरलाच. फ्रान्समधल्या एका हलवायानं सैन्यासाठी अन्न उकळून काचेच्या बरण्यांत बंद करायची युक्ती काढली, इंग्रजांनी बरणीच्या जागी पत्र्याचा डबा आणला, आणि गंमत म्हणजे तो उघडायचं हत्यार निघायला पुढे कित्येक वर्षं गेली. तोवर शिपाई छिन्नी-हातोड्यानं, नाही तर संगिनीनं डबा फोडायचे. इथे मी थांबतो, पाहुण्यानं हसावं म्हणून. पाहुणा बहुतेक वेळा चपला शोधत असतो. आतून मुलीचा आवाज येतो, 'पापा, अंकल को जाने दो.' तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीतच येतं.

भाषणाचा दुसरा भाग पुनर्वापराचा. आमच्या वर्ध्याकडच्या घरी डबा कधी फेकला जायचा नाही. धान्य संपलं की त्यात गवती चहा लागायचा, बूड गेलं की कोंबडी अंड्यांवर बसायची, आणि शेवटी तो कापून, ठोकून, सपाट करून गोठ्याच्या छपरावर चढायचा. आता इथे ठेलेवाला भंगारात नेतो, चुंबकाला चिकटतो म्हणून वेगळा काढतो, पुढे भट्टीत वितळून त्याची सळई होते. कुठल्याही डब्याचा जन्म वाया जात नाही, असं मी म्हणतो. बायको म्हणते, 'डब्याचा नाही जात.'

हात चालवायला मी शिकलो निशातगंजातल्या एका चचांकडे. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं दोन माणसं उभी राहतील एवढं दुकान आहे. ते तेलाच्या डब्यांना झाकणं बसवतात, नरसाळी करतात, मिठाईवाल्यांचे ट्रे करतात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा डाग देताना, म्हणजे वितळलेल्या कथिलानं सांधा जोडताना, पत्रा किती तापला पाहिजे, हे मीच त्यांना अंश सेल्सिअसमध्ये सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि डाग धरावा म्हणून घासायची नवसागराची वडी माझ्या हातात दिली. 'बिस्मिल्लाह कीजिए, इंजीनियर साहब.' मी दिलेला डाग पत्र्यावर थेंबासारखा उभा राहिला आणि घरंगळून माझ्या बुटावर पडला. तेव्हापासून मी दर शनिवारी जातो. सहा वर्षांत माझा डाग बसायला लागला आहे. रुळाचा सांधा तपासणं आणि डब्याचा सांधा जोडणं यांत फरक आहे, एवढं कळण्यापुरतं शिक्षण झालं.

मागच्या हिवाळ्याच्या तोंडावर मी बाबांना लखनौला आणलं.

बाबा पोस्टात होते. टपाल वर्गवारीपासून सुरुवात करून पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले. आई गेल्यावर वर्षभर घरी एकटेच राहिले. मग एकदा न्हाणीघरात घसरून पडले आणि दुपारपर्यंत तसेच पडून होते. शेजारणीला पेपर दारातच दिसला म्हणून तिनं हाक मारली. मला हे कळलं ते दोन महिन्यांनी, आणि तेही शेजारणीकडून. मी जाऊन सामान बांधलं. बाबा म्हणाले, 'थंडी सरेपर्यंत राहून पाह्यतो, बाबू. जमलं त राहीन. नाही त मले गाडीत बसवून दे.' मला ते कायमचे हवे होते. आई शेवटी आजारी होती तेव्हा मी रजा मोजत बसलो होतो, आणि बाबांच्या बाबतीत तरी तसं करायचं नाही, हे मी मनाशी पक्कं ठरवलं होतं. त्या हिवाळ्यात मला दुसरं काहीच महत्त्वाचं नव्हतं.

पहिला दीड महिना बरा गेला. पहाटे उठून त्रिशरण-पंचशील, मग चहा, मग कॉलनीतल्या उद्यानात एक फेरी. चहा हा बाबांचा एकच शौक. दिवसातून चार वेळा, कपबशीत, बशीत ओतून, फुंकर न मारता. आमच्या मुलीशी त्यांची गट्टी जमली. ते वऱ्हाडीत बोलायचे, ती हिंदीत, आणि दोघांचं भांडणही त्याच दोन भाषांत व्हायचं. मला वाटलं, जमलं.

मग बायकोला बँकेच्या ट्रेनिंगसाठी बारा दिवस हैदराबादला जावं लागलं. निघताना तिनं दोन सूचना दिल्या. 'बाबांचा चहा वेळेवर द्या. आणि मी येईपर्यंत घरात काही नवीन करू नका.' पहिली सूचना मी इतकी मनावर घेतली की दुसरी मोडली.

झालं असं, की धुकं पडायला लागलं होतं. लखनौची जानेवारीतली थंडी वर्ध्याच्या माणसाला सोसत नाही. बाबा व्हरांड्यात बसून चहा घ्यायचे आणि तिसऱ्या घोटाला तो गार व्हायचा. एकदा ते म्हणाले, 'इथं चहा लवकर थंडा होते.' बस, मला काम मिळालं. त्यातच कॉलनीच्या क्लबात 'कबाड से कमाल' नावाचं प्रदर्शन जाहीर झालं होतं. मी ठरवलं, बाबांसाठी दुहेरी भिंतीचा पेला करायचा. रसगुल्ल्याच्या डब्यात आटवलेल्या दुधाचा डबा, दोहोंमध्ये हवा, वरून पत्र्याचं कडं, बाजूला सुतळी गुंडाळलेला कान. अंबाडीच्या भाजीच्या पातेल्याशेजारी, गॅसवर डाग द्यायचं कास्तं तापवून, मी तो स्वयंपाकघरातच केला. पहिल्या वेळी मधली हवा तापून फुगली आणि डाग फट्कन उडून फ्रिजवर बसला. तो अजून तिथे आहे. चचांना फोन केला तर ते म्हणाले, 'हवा को निकलने का रास्ता दीजिए, साहब. बंद करके आँच दीजिएगा तो फटेगी ही.' मी बुडाला बारीक भोक ठेवलं आणि पेला झाला.

तसा मराठीत त्याला नीट शब्द आहे: टमरेल. पण मी प्रदर्शनाच्या फॉर्ममध्ये 'थर्मल मग' असं लिहिलं.

जुळणारे डबे एकाच जोडीचे होते, म्हणून पेला एकच झाला. साहजिकच तो बाबांना. दुसऱ्या दिवशी सकाळी व्हरांड्यात आम्ही तिघं बसलो. मुलीला तिचा कप, मला माझा कप, बाबांना पेला. बाबांनी तो हातात घेतला आणि बराच वेळ पाहिला. मी वाट पाहत होतो. 'चांगलं काम आहे,' ते म्हणाले. त्यांनी तो चहा संपवला, उठून नळावर गेले, पेला स्वतः विसळला आणि पालथा घातला. माझा ऊर भरून आला. मला वाटलं, पोराच्या हातची वस्तू, म्हणून जपताहेत.

इथून पुढे माझं शहाणपण सुरू झालं, आणि त्याला आवरणारी हैदराबादेत होती.

मी पाहिलं, की पेला इतर भांड्यांत घासला तर स्टीलच्या ताटांनी कथिलावर ओरखडे पडतील. म्हणून मी मुलीला आणि कामाच्या दीदीला बजावलं, हा पेला बाकीच्या भांड्यांत मिसळायचा नाही, वेगळा ठेवायचा. बाबांना सांगितलं, 'बाबा, पिऊन झालं की लगेच तुम्हीच धुवा, ओला राहिला तर गंजेल.' बाबा म्हणाले, 'बरं.' मग वाळायला जागा हवी. व्हरांड्यात नळाजवळ ऊन येतं, तिथल्या भिंतीत मी ड्रिलनं भोक पाडून, गट्टू ठोकून, पक्का खिळा बसवला आणि पेला तिथे टांगायची सोय केली. कुणी दुसऱ्यानं चुकून वापरू नये म्हणून वर कागदाची पट्टी लावली: 'बाबा'. शेवटची सुधारणा माझ्या मते सर्वांत बारीक होती. चहा ओतताना पातेल्याचा काठ पेल्याच्या डागाला लागत होता. मी मुलीला शिकवलं, पातेलं पेल्याला टेकवायचं नाही, वरून धार धरायची. ती हुशार आहे, दोन दिवसांत जमलं तिला. बाबा पेला पुढे धरायचे आणि ती वरून चहा ओतायची.

हे मी आज लिहितोय तेव्हा प्रत्येक वाक्यावर हात थांबतो आहे. तेव्हा थांबला नाही. तेव्हा मी फोटो काढून प्रदर्शनाच्या ग्रुपवर टाकला आणि सत्तावीस लोकांनी अंगठा वर केला.

बाबांनी आधी दुपारचा चहा सोडला. 'पित्त होते,' म्हणाले. मग संध्याकाळचा. मग एक दिवस सकाळी मी पेला घेऊन आलो तर म्हणाले, 'आज राहू दे.' ज्या माणसानं आईच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशीसुद्धा चार वेळा चहा मागितला होता, तो चहाला नको म्हणत होता. मुलीनं विचारलं, 'आजोबा, तबीयत तो ठीक है ना?' ते म्हणाले, 'ठीक आहे वं माय. वय झालं आता.'

मी कारण शोधायला लागलो. कारण शोधायचा तर मला पगार मिळतो. पहिला संशय शिशावर. मी बाबांसमोर खुर्ची ओढून अर्धा तास समजावलं, की पूर्वीच्या डागात शिसं असायचं, मी वापरलेलं कथील शुद्ध आहे, घाबरायचं काही कारण नाही. बाबा म्हणाले, 'मी कुठं घाबरलो?' दुसरा संशय काठावर. काठ ओठाला लागत असेल म्हणून मी तो कानशीनं घासला, पॉलिश केला. तिसरा कानावर, चौथा सुतळीच्या वासावर. दर दुरुस्तीनंतर पेला अधिक सुबक होत गेला आणि बाबा अधिक गप्प. माझी बुद्धी पेल्याच्या बाहेर पडायलाच तयार नव्हती.

शनिवारी मी तो चचांना दाखवायला नेला. त्यांनी चष्मा लावून फिरवून पाहिला, नखानं टिचकी मारली. 'माल में कोई ऐब नहीं है. माशा अल्लाह, हाथ बैठ गया आपका. किसके लिए बनाया?'

'वालिद साहब के लिए.'

'और बाक़ी घर के लिए?'

'एक ही बन पाया.'

चचांनी पेला खाली ठेवला. 'घर में किसी एक का बर्तन अलग नहीं करते, साहब. बीमार का करते हैं, या फिर...' त्यांनी वाक्य सोडून दिलं आणि समोरच्या नरसाळ्याला डाग द्यायला घेतला. मी स्कूटरवरून परत येताना विचार केला, चचांना बहुधा आणखी पेल्यांसाठी पत्रा विकायचा आहे. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा. इथे तर दिवाही मीच आणि अंधारही मीच.

सोमवारी बाबा म्हणाले, 'बाबू, माझं तिकीट काढ.'

'काय झालं? कुणी काही बोललं का?'

'कोन काय बोलणार? पोरगी गुणाची आहे, सून गुणाची आहे. मले घराची आठवण येते.'

मी चिडलो. खरं सांगायचं तर फार लागलं मला. मी म्हणालो, तिथे एकटे पडाल, पुन्हा घसरलात तर कोण आहे, मी तुमच्यासाठी इथे काय नाही केलं. आणि पुरावा म्हणून मी भिंतीवरच्या त्या पेल्याकडे बोट दाखवलं. बाबांनी तिकडे पाहिलं नाही. 'तू खूप केलं,' ते म्हणाले. 'तिकीट काढ.' मी फुणफुणत रविवारचं तिकीट काढलं. मला वाटलं, एक दिवस तरी म्हणतील, राहू दे. पण त्यांनी त्याच दुपारी पिशवी काढून धोतरं घडी करायला घेतली.

शुक्रवारी बायको आली. रिक्षातून उतरून व्हरांड्यात पाय ठेवला आणि बॅग हातातच ठेवून भिंतीकडे पाहत उभी राहिली. मी मागून म्हणालो, 'थर्मल मग. मीच केला.' ती आत गेली. मी मागोमाग स्वयंपाकघरात.

'बाबा यातून चहा पितात?'

'पीत होते. आता सोडलाय. रविवारी चाललेत.'

'आणि आपण सगळे कशात पितो?'

'कपात.'

'धुतं कोण?'

'बाबाच. अगं, ओला राहिला तर गंजतो, म्हणून मीच सांगितलं...'

'आणि पोरगी वरून ओतते? मी परवा व्हिडिओ कॉलवर पाहिलं. मला वाटलं, मस्ती चाललीय दोघांची.' ती ओट्याला टेकून उभी राहिली. तिचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे मी जास्त घाबरलो. 'तुम्हाला खरंच माहीत नाही? बाबांनी कधी सांगितलं नाही?'

तिनं सांगितलं. तिचे आजोबा अमरावतीकडचे. त्यांनी नातवंडांना बसवून सांगितलेलं. गावच्या हॉटेलाबाहेर भिंतीला खिळा असायचा, खिळ्याला टमरेल. आपल्या लोकांसाठी. आपण आत जायचं नाही. टमरेल आपणच काढायचं, पुढे धरायचं, तो वरून ओतायचा, भांड्याला भांडं लागू नये म्हणून. बाहेर उभ्यानं प्यायचं. आपणच धुवायचं आणि परत खिळ्याला पालथं टांगायचं.

मी ऐकत होतो आणि माझ्या डोळ्यांसमोर माझ्या सुधारणा एकेक करून येत होत्या. वेगळा ठेवायचा. तुम्हीच धुवा. खिळा. वरून धार. एकही सुटली नव्हती. ज्यांनी हा रिवाज चालवला त्यांनाही काही पिढ्या लागल्या असतील, मी तो बारा दिवसांत माझ्या बापासाठी माझ्याच घरात उभा केला होता, प्रेमानं, आणि वर नावाची पट्टी लावली होती. फ्रान्सच्या हलवायापासून भट्टीपर्यंत डब्याचा सगळा इतिहास मला पाठ होता. माझ्या बापाच्या हातातल्या डब्याचा मी कधी विचारला नव्हता.

मी पक्कड घेतली आणि व्हरांड्यात गेलो. बाबा खुर्चीवर दुपारच्या उन्हात बसले होते. पेला काढून मी खिळा उपटायला लागलो. तो निघेना. काम पक्कं केलं होतं, गट्टू चांगल्या प्रतीचा होता. मी पाय भिंतीला लावून ओढत होतो आणि मला रडू येत होतं, आणि पक्कड निसटत होती.

'हळू,' बाबा म्हणाले. 'प्लास्टर जाईल. क्वार्टर सरकारी आहे.' मग म्हणाले, 'तुले कोनं सांगतलं?'

'हिनं.'

'तिले?'

'तिच्या आजोबांनी.'

बाबांनी मान हलवली. 'लेकराले असं सांगू नये मानसानं.'

मी तिथेच खाली बसलो. 'बाबा, मला माहीत नव्हतं.'

'ते त मले माहीत आहे,' ते म्हणाले. 'तुले माहीत नव्हतं, यासाठीच त सगळं केलं. तुले शिकवलं ते सरकारनं, स्कॉलरशिप होती. नोकरी तू मिळवली. मी अन् तुझ्या आईनं काय केलं, त तुले हे माहीत होऊ दिलं नाही. तिनं आपल्या माहेरच्याइलेही तोंड बंद ठेवाले लावलं होतं.'

'पण एकदा म्हणायचं होतं, हा पेला नको. एवढंच.'

'अन् तू राह्यला असता? काऊन नको, हे विचारल्याबिगर?' मी चार कारणं शोधून चार दुरुस्त्या केलेला माणूस. 'तू खोदत खोदत तिथवर आला असता. त्यापेक्षा गेलेलं बरं, असं वाटलं मले.'

म्हणजे मला कळू नये म्हणून हा माणूस पुन्हा त्या रिकाम्या घरात, त्या न्हाणीघराच्या फरशीवर जायला तयार होता. आणि मी फुणफुणत तिकीट काढलं होतं. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही. मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. पन्नाशीच्या माणसानं असं सरकारी क्वार्टरच्या व्हरांड्यात करू नये, समोरून शेजारचे साहेब कुत्रा घेऊन जात होते, पण ते मला नंतर सुचलं.

बाबांनी पेला उचलून पाहिला. 'तिथल्या टमरेलावर इंग्रजीत लिहिलेलं होतं काही. मी लहान. मले वाटे, केवढं मोठं काही असंन. मॅट्रिकले गेल्यावर वाचता आलं.'

'काय होतं?'

'थंड जागी ठेवा.'

ते हसले. मग मीही हसलो, नाक पुसत. 'तुझा डाग मात्र चांगला बसला आहे,' बाबा म्हणाले. माझ्या कामाला त्यांनी इतकं मोकळेपणानं चांगलं म्हटल्याचं मला त्याआधीचं आठवत नाही.

रविवारची गाडी बाबांशिवाय गेली. प्रदर्शनातून मी नाव काढून घेतलं. क्लबवाल्यांना सांगितलं, पेला गळतो. शनिवारी तो चचांकडे नेला. त्यांनी काही विचारलं नाही. कास्तं तापवून डाग वितळवला, दोन्ही डबे सुटे केले, कापून सपाट केले आणि त्यांच्या पत्र्याच्या ढिगात टाकले. पुढे त्याचं नरसाळं झालं की ट्रेचा काठ, मी विचारलं नाही. मी विचारलं नाही, ही आमच्या घरात घटना समजली जाते.

हे लिहू का, असं मात्र मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, 'मराठीत लिही. पोरगी मराठीचं अर्धं पान वाचते अन् ठेवून देते.'

कारण पोरीला काहीच माहीत नाही. बायकोनं त्या शुक्रवारी मला स्वयंपाकघरात सांगितलं होतं, आणि पोरगी तेव्हा कॉलेजात होती. आठवडाभरानं सकाळी आम्ही चौघं व्हरांड्यात चहा घेत बसलो होतो, चार सारखे कप, बाबांच्या हातात बशी. तिचं लक्ष भिंतीकडे गेलं. खिळा निघाला होता, जागी थोडं प्लास्टर गेलेलं.

'आजोबा, आपका वो स्पेशल मग कहाँ गया?'

बाबांनी बशी खाली ठेवली. 'तुटला.'

'टिन का मग? टूट कैसे गया?' ती माझ्याकडे वळली. तिचं बरोबर होतं. ती आठ वर्षांची असताना मीच तिला डबा वाकवून दाखवला होता, की पत्रा चेपतो, फाटतो, गंजतो, पण काचेसारखा तुटत नाही. ती माझ्या भाषणाची वाट पाहत होती. बायको कपात बघत होती. बाबा माझ्याकडे बघत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्याकडे काहीतरी मागत होते.

'टूट जाता है, बेटा,' मी म्हणालो.